चढ जिन्याने, उतार लिफ्टने

सिंगापुरात डोंगर नाही. बुकित तिमाहची एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर उंची कोरलेला दगड आहे आणि त्या दगडाशेजारी उभं राहून फोटो काढायला रविवारी रांग लागते. अशा देशात राहून आल्प्समधल्या डोंगरवाटांवर पळायला जाणं म्हणजे वाळवंटात पोहण्याचा क्लास काढण्यासारखं आहे, असं मी तेव्हा म्हणालो होतो. कुणी हसलं नाही. पळणाऱ्या माणसांना विनोद पोचायला वेळ लागतो.

ही कल्पना आमच्या कॅप्टनची. कॅप्टन ही पदवी त्यांना कुणी दिली नव्हती; ग्रुप त्यांनीच काढला आणि पदवीही त्यांनीच घेतली. एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, बुकित तिमाहला कॉन्डोत राहायचे आणि साध्या वाक्यालाही भाषणाची चाल लावायचे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ग्रुपचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यात ‘शिखर’ आणि ‘योद्धे’ हे दोन्ही शब्द होते, एवढं पुरे. पाच योद्धे पुरुष होते आणि सहावी माझी बायको. मी नव्हतो. मी नोव्हेनातल्या एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये होतो आणि बस सुटत असेल तरच पळावं, या मताचा होतो. म्हणून मला ‘सपोर्ट’ करण्यात आलं. सपोर्ट म्हणजे बॅगा.

बायकोला मात्र हे मनापासून हवं होतं. चाळिशी उलटल्यावर तिने पळायला सुरुवात केली आणि तिच्या मनात एकच वाट बसली होती: आल्प्समधल्या एका गावाच्या वरची खिंड ओलांडून पलीकडच्या दरीत उतरणारी. कुठल्या तरी व्हिडिओत तिने ती पाहिली होती.

“चढताना सगळेच रांगतात,” ती म्हणायची. “मला ती उतरताना पळायचंय. एकदाच. डोकं बंद करून.”

कॅप्टननी आमच्या दिवाणखान्यात प्रोजेक्टर लावून वाटा वाटून दिल्या, तेव्हा खिंडीच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

“वहिनी, तुम्ही नदीकाठची वाट घ्या,” ते म्हणाले. “सपाट आहे. फुलं फार सुंदर आहेत तिथे.”

“फुलं मी बोटॅनिक गार्डनमध्ये बघते, भाऊजी,” ती म्हणाली. “मी खिंडीतून येणार.”

बराच काथ्याकूट झाला. शेवटी तिला परवानगी मिळाली, ती अशी की तिने रांगेत शेवटी राहायचं आणि रांग मोडायची नाही. परवानगी देणारे हे कोण, असं मी रात्री तिला विचारलं. ती म्हणाली, “जाऊ दे ना. जायला मिळतंय ना?”

आता चढाचा सराव कुठे करायचा? कॅप्टनचा कॉन्डो चार मजली. आम्ही यिशुनला सरकारी फ्लॅटमध्ये राहत होतो आणि आमचा ब्लॉक, म्हणजे अख्खी इमारत, उंच होता. त्यामुळे दर रविवारी सकाळी पाच योद्धे, हातात कार्बनच्या काठ्या घेऊन, आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत जमू लागले. जिना चढण्याआधी “हर हर महादेव” व्हायचं. तिथे बुद्धिबळ खेळणारे चिनी म्हातारे दचकून मान वर करायचे.

चढायचं जिन्याने आणि उतरायचं लिफ्टने, असा कॅप्टनचा नियम होता. “गुडघे जपायचे, राव. उतार काय, गुरुत्वाकर्षण उतरवतं,” असं त्यांनी मला समजावलं. हे इतकं शास्त्रीय वाटलं की मीही मान डोलावली. एकदा लिफ्टमध्ये भाजीची ट्रॉली घेऊन शेजारची आंटी उभी होती. घामाने निथळणारे पाच जण आत घुसल्यावर तिने नाक दाबलं आणि सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, “व्हाय यू ऑल क्लाइम्ब? लिफ्ट नॉट स्पॉइल्ट लाह!” त्या सगळ्या महिन्यांत कुणी बोललेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य होतं.

बायको रांगेत शेवटची, त्यामुळे ती वर पोचेपर्यंत लिफ्ट भरून निघालेली असायची. “वहिनी, पुढच्या फेरीला या!” असा आवाज दारातून ऐकू यायचा. ती थांबायची नाही, जिन्यानेच उतरायची. त्यानंतर सगळे आमच्याकडे पोहे खायचे. पोहे मी करायचो. सपोर्ट.

जूनमध्ये आम्ही त्या गावात पोचलो. लाकडी घरं, खिडक्यांत लाल फुलं, गाईंच्या गळ्यात घंटा. वाटांच्या फाट्यांवर पिवळ्या पाट्या होत्या आणि त्यांवर अंतर नव्हतं, वेळ होता: खिंडीपर्यंत इतके तास. ही पद्धत मला फार आवडली. थकवा किलोमीटरमध्ये येत नाही. कॅप्टनना ती अपमानास्पद वाटली. “हे आजीआजोबांचे तास आहेत. आपण निम्मे धरायचे,” ते म्हणाले आणि त्या हिशेबाने त्यांनी पलीकडच्या गावात जेवणाचं टेबल राखून ठेवलं.

मी कोरडे कपडे घेऊन बसने वळसा घालून त्या गावात गेलो. टेबलाची वेळ झाली आणि गेली. मी सूप मागवलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“कुठे आहात?”

“खिंड ओलांडली. खाली उतरतोय. म्हणजे उतरत नाही आहोत. कॅप्टन बसलेत.”

“लागलं का काही?”

“नाही रे. मांड्या थरथरतायत. उभंच राहता येत नाही. बाकीचे चौघं कडेकडेने बसूनबसून येतायत, लहान मूल जिना उतरतं ना, तसे.”

“आणि तू?”

“मला काही झालेलं नाही.”

खाली अख्खी वाट दिसत होती तिला. गवतातून वळणं घेत येणारी, रिकामी. हे तिने मला नंतर सांगितलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, “ते म्हणतात, टीम तुटता कामा नये.”

“तू पळ,” मी म्हणालो. “मी बघतो त्यांचं काय ते.”

“तू खाली बसून काय बघणार? कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी आलंय रे. माझ्या काठ्याही त्यांनाच दिल्यात.” आणि मग, हळू आवाजात: “येतो आम्ही. वेळ लागेल.”

ते आले तेव्हा हॉटेलवाल्याने खुर्च्या आत घेतल्या होत्या. कॅप्टनचा हात माझ्या बायकोच्या खांद्यावर होता आणि ते उलटे, पाठमोरे उतरत होते. बायकोचा चेहरा मी पाहिला आणि कोरडे कपडे पुढे केले.

रात्री मुक्कामी परतून जेवताना मात्र कॅप्टनना वाचा फुटली. ग्लास उंचावून त्यांनी सांगितलं की आज डोंगराने आपल्याला एक धडा दिला, आणि आपण कुणालाही मागे सोडलं नाही. योद्ध्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोनेही वाजवल्या. मी बटाटा कापत राहिलो. त्याच्यावर राग काढता येत होता.

दुसऱ्या दिवशी परतीचा प्रवास होता. बस गावातून दरीतल्या स्टेशनावर, तिथून ट्रेन, संध्याकाळी विमान. सकाळी बायको पळायचे बूट घालून समोर उभी.

“स्टेशनापर्यंत पायवाट आहे,” ती म्हणाली. “खिंड नाही, पण उतार आहे. तू माझी बॅग घे. मी खाली भेटते.”

“चुकलीस तर?”

“तर चुकले.”

बसमध्ये कॅप्टननी विचारलं, “वहिनी कुठेयत?” मी म्हणालो, “खाली येतायत.” त्यांनी भुवया उंचावल्या; तेवढाच एक अवयव त्यांना त्या दिवशी न कण्हता उचलता येत होता.

ट्रेन आली. बायको नव्हती. दोघांनी धरून कॅप्टनना डब्यात चढवलं. दारातून ते म्हणाले, “राव, चला! असं बरं नाही. टीम म्हणजे टीम.”

“तुम्ही व्हा पुढे, साहेब. आम्ही पुढच्या गाडीने येतो.”

“विमान चुकलं तर?”

“तर चुकलं,” मी म्हणालो. उसनं वाक्य होतं, पण शोभलं. दार बंद झालं.

मग फलाटावर मी, बॅगा आणि माझी चिडचिड. पुढची गाडी तासाने होती. हिला फोन लागत नव्हता. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी परदेशात एकटं डोंगरावरून पळणं म्हणजे काय, यावर मी एक अत्यंत मुद्देसूद झापणी तयार केली. तीत कॅप्टन होते, गुडघे होते, सिंगापुरात वाट बघणारी आपली मुलगी होती.

ती स्टेशनच्या मागच्या कुरणातून आली. एक गुडघा फुटलेला, केसांत गवत, चिखल कमरेपर्यंत. ती अजून पळत होती. फलाटावर आल्यावरही तिला थांबायला चार पावलं जास्त लागली.

“गोठ्यापाशी चुकले,” ती धापा टाकत म्हणाली. “गाईंच्या मधोमध गेले. दोनदा पडले. गाडी गेली?”

“गेली.”

“सगळे?”

“सगळे.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन रिकामी केली.

मी झापणीचं पहिलं वाक्य जुळवत होतो, पण तोंडातून निघालं ते, “कसा होता उतार?”

विमानतळापर्यंत ती एकेक वळण सांगत होती. निसरडी मुळं, लाकडी पूल, कुत्र्याने कुठपर्यंत सोबत केली ते. काही वळणं दोनदा सांगितली. मी पार कंटाळलो, आणि थांब म्हणालो नाही.