पेरलेल्या तिसऱ्या

सदानंद रोज सकाळी वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, पेरायला जायचा. दुबईजवळच्या अजमानच्या मासळी बाजारातून बर्फातल्या आणायच्या, ओहोटीच्या वाळूत बोटभर खोल पुरायच्या आणि वरून हात फिरवून वाळूला निरागस करायचं. मग दहाच्या सुमारास पाहुणे शिडाच्या होडीतून बेटावर उतरत आणि समुद्राने दिलेलं अन्न स्वतःच्या हातांनी शोधून काढत. होडीला शीड होतं, पण ती चालायची इंजिनावर. शीड फोटोपुरतं वर जाई. बेट गाळ उपसून केलेलं. त्या सगळ्या व्यवहारात खरं म्हणावं असं फक्त ऊन होतं.

हे काम त्याला शुभ्राने समजावलं होतं. ती पुण्याची, रिसॉर्टमध्ये ‘एक्स्पीरियन्स मॅनेजर’. "काका, गेस्टला काहीतरी सापडलंच पाहिजे, नाहीतर रिव्ह्यू खराब. तुम्ही कोकणातले, तुमच्या हाताला ऑथेंटिक टच आहे." सापडलेल्या तिसऱ्या किचनकडे जात. शेफ पाहुण्यांना ताज्या तिसऱ्या लसूण-लिंबू लावून वाढी, आणि सापडलेल्या परत सदानंदच्या बर्फाच्या बादलीत येत, उद्यासाठी. एकेक तिसरी चार-चार देशांच्या लोकांना सापडलेली असे.

दुबईतल्या अल क्वोजच्या एका गोदामात त्याचं अर्धं आयुष्य स्टोअरकीपर म्हणून गेलं. ते बंद पडलं तेव्हा साठीला टेकलेल्या माणसाला व्हिसा देणारं दुसरं कोणी भेटलं नाही. गावी, आचऱ्याला, त्याने बायकोला फोनवर सांगितलं, "आता होडीवर असतो. रोज बेटावर जातो." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

सुहासिनीला त्याने लग्नापासून एक वचन दिलेलं होतं: तिकडे ये, शिडाच्या होडीतून बेटं हिंडू, तू काढलेल्या तिसऱ्या खाऊ. आधी पगार फॅमिली व्हिसाएवढा नव्हता. मग मुलांच्या शाळा आल्या, मग तिच्या सासूबाईंचं अंथरूण. सगळं उरकल्यावर ती व्हिजिट व्हिसावर आली. कपडे बेताचेच, पण वर्तमानपत्रात गुंडाळलेली विळी मात्र बरोबर.

"अगं, विळ्या इथेही मिळतात. बर दुबईला."

"मिळत असतील. ही माझ्या हाताची आहे. राहायचं ठरलं तर लागेल."

म्हणजे राहायचं ठरलेलं नव्हतं. "आधी तुमची बेटं दाखवा, मग बघू," ती म्हणाली. सदानंदला एवढंच हवं होतं, की म्हातारपणी तरी घरात शिरल्यावर कोणीतरी ‘आलात?’ म्हणावं.

स्टाफच्या फॅमिली डेला त्याने तिला नेलं. त्या दिवशी जिवंत तिसऱ्या आणायचं त्याच्या मनात होतं, पण बाजारात नव्हत्या. मग बादलीतल्याच पेरल्या.

"भाभी के लिए भी यही माल?" होडी चालवणाऱ्या हनीफने विचारलं.

"दूसरा है क्या?"

"यल्ला, चलो, समंदर थोडी बोलने वाला है."

सुहासिनीने साडी खोचली, टाचेने वाळू उकरली आणि पहिल्याच ठिकाणी ओरडली. "अहो, बघा तरी! इथे ओळीने बसल्यात!" स्टोअरकीपरचा हात, त्याने माल रांगेत लावला होता. "शहाण्या आहेत तुमच्या तिसऱ्या. आमच्या खाडीत अशी शिस्त नाही हो!" ती हसत होती. सदानंदला वाटलं, राहील.

तेवढ्यात शुभ्रा बादली घेऊन आली. "काकू, द्या इकडे, शेफ बनवून देईल."

"अगं बाई, स्वतः काढलेल्या तिसऱ्या कोण दुसऱ्याच्या हाती देतं?" सुहासिनीने त्या पदरात बांधल्यासुद्धा.

"दे ना गं, इथे तशी पद्धत आहे," सदानंद म्हणाला.

"पद्धत तुमची. तिसऱ्या माझ्या."

शुभ्राने सदानंदकडे पाहिलं. सदानंदने शिडाकडे पाहिलं.

अजमानच्या खोलीपर्यंतच्या रस्त्यात सांगायला भरपूर वेळ होता. त्याने तिला ट्रॅफिकबद्दल सांगितलं.

घरी तिने विळी मांडली. जिवंत तिसरी पात्याशी भांडते. शिंपला घट्ट मिटून हाताला जोर लावायला लावते. ही पातं टेकताच उघडली. दुसरीही. तिसरी तर आधीच उघडून वाट पाहत होती. सुहासिनीने ती नाकाशी नेली आणि ताटलीत ठेवली.

"किती दिवसांच्या?"

"असतील तीन-चार."

"पुरल्या कोणी?"

"मीच."

"रोज?"

"रोज."

तो भांडणाची तयारी करून उभा होता. बाजार, व्हिसा, वय, सगळी कारणं त्याने रांगेत लावून ठेवली होती.

"पोटासाठी करता, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "सांगितलं असतंत तर मीही आले असते पहाटे पेरायला. मला गिऱ्हाईक कशाला केलंत?"



तिने तिसऱ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकल्या. वरण-भात लावला, त्याला वाढला, वर तूपही घातलं. जेवण झाल्यावर विळी घासली, पुसून कोरडी केली आणि पात्याला खोबरेल लावू लागली.

"तेल कशाला?" त्याने विचारलं. "उद्या लागेलच की."

"प्रवासात गंजते," ती म्हणाली आणि वर्तमानपत्र मागितलं.

सदानंदने आणून दिलं.