परळचा गुडघ्यांचा वॉर्ड

कुणी गुडघ्याचं नाव काढलं की मला एक गोष्ट आठवते, आणि ती सांगून होईतो दुसरी येऊन बसते! संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी परळच्या एका हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट होते. हा शब्द तेव्हा कुणाच्या जिभेवर बसत नसे. पेशंट ओरडायचे, "कसरतवाल्या बाई आल्या रे!"

*

गिरगावातले एक हेडक्लार्क ट्रामच्या पायरीवरून पडले. गुडघ्याच्या वाटीचा चुराच झाला, जुळवण्यासारखं काही उरलं नाही. आमच्या सर्जननी वाटीच काढून टाकली. हेडक्लार्कांच्या पत्नी हादरल्या. "वाटी काढली? मग पाय चालेल कशावर?"

डॉक्टर म्हणाले, "मांडीच्या जोरावर. स्नायू नीट शिवलाय, आता तो कमवायचा."

खरं सांगते, माझाही विश्वास नव्हता. पण त्या गृहस्थांनी व्यायाम सोडला नाही. पुढे पेढे घेऊन वॉर्डात आले, काठीशिवाय! मागून धापा टाकत पत्नी. म्हणाल्या, "घरातली एक वाटी हरवली तर मला चैन पडत नाही. ह्यांना बघा, पत्ताच नाही!"

*

प्रभादेवीचे एक गुरुजी. प्लास्टर काढलं तर गुडघा लाकडासारखा ताठ. "मला पळायचं नाही, बाई. पूजेला मांडी घालून बसता आलं म्हणजे झालं."

रोज थोडा थोडा वाकवायचा. घामाने उपरणं भिजायचं, पण तोंडातलं स्तोत्र थांबायचं नाही. एका सकाळी वॉर्डाच्या फरशीवर गुरुजींनी चक्क मांडी घातली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. गुरुजी मात्र हात जोडून बसलेलेच.

"गुरुजी, आता पुरे."

"बाई, बसायला शिकवलंत. उठायचं राहिलंय!"

*

लालबागच्या एका मालवणी आजींचे गुडघे पार झिजले होते. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "माझ्या घोवाच्या गिरणीत यंत्राचो भाग झिजलो की नवो घालतत. माझो गुडघो नवो घालूक येवचो नाय?"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टर हसले नाहीत. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. "आज नाही येत, आजी. पण बदलतील कधीतरी."

आजींनी पदर सावरला. "मगे मी थांबतंय!"

*

आता माझाच गुडघा बदलला. झिजलेली हाडांची टोकं कापून धातूच्या टोप्या बसवल्या, मध्ये प्लास्टिक. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन मला उभं केलं! थेरपिस्ट मुलगी दटावत होती, "रोज वाकवायचा हं. नवा गुडघासुद्धा आखडतो."

मी पायाकडे बघतच राहिले.

"आजी, रडताय? दुखतंय का?"

"दुखतंय गं. पण लालबागच्या एका आजींच्या वतीनं उभी आहे."

*

आणि परत त्या जुन्या वॉर्डातला हा दत्ताराम. लालबागचा गिरणी कामगार, मोर्चात गुडघ्यात पोलिसांची गोळी लागलेली. शेजारच्या खाटेवर नायगावचे एक पोलीस हवालदार. त्याच गडबडीत दगड लागून त्यांचाही गुडघा फुटलेला. दोघांची ऑपरेशनं झाली. दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपायचे.

ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू जणू झोपी जातो. पाय सरळ ठेवून टाच गादीवरून उचलणं, ही पहिली परीक्षा. दत्ताराम घामाघूम झाला. "बाई, हा पाय माझाच ना?"

कोपऱ्यातून कुणीतरी आरोळी दिली, "संयुक्त महाराष्ट्र..."

अख्खा वॉर्ड गरजला, "झालाच पाहिजे!"

आणि त्या 'झालाच'वर दत्तारामची टाच वर आली! मी तोंडावर हात धरून उभी राहिले.

मग हवालदारांची पाळी. त्यांनी दोनदा जोर केला. पाय हलेना. वॉर्डात कुणी ब्र काढेना. पोलिसासाठी कोण ओरडणार?

दत्ताराम हळूच कुशीवर वळला. हवालदारांकडे बघत एकटाच म्हणाला, "संयुक्त महाराष्ट्र..."

कुणीच साथ दिली नाही.

हवालदारांनी दाराकडे पाहिलं, कुणी साहेब तर उभा नाही ना. ओठ घट्ट मिटले. आणि त्यांची टाच गादीवरून वर उचलली गेली!