परक्या तळहातावरचे तीर्थ

एक गोष्ट मी कित्येक वर्षे मनाच्या तळाशी दडपून ठेवली होती. पत्नीलाही ती ठाऊक नव्हती. घाटकोपरच्या आमच्या वसाहतीतील दत्तमंदिरात दर गुरुवारी भजन होत असे. पेटीवर तात्या असत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, बोलायला मिस्कील आणि सुराला पक्के. मी गिटार वाजवीत असे. भजनात गिटार हे नवल होते, आणि त्या नवलाईचा मला गर्व होता. एका दत्तजयंतीला उशीर झाल्यामुळे मी घरीच कॅसेट लावून तारा जुळवल्या. टेपरेकॉर्डरचे सेल उतरत आले होते. कॅसेट संथ फिरत होती, आणि तिच्यामागोमाग माझे सूरही खाली बसले होते. भजन सुरू होताच दोन्ही वाद्यांचे सूर एकमेकांवर घासू लागले. माना वळल्या. चूक कोणाची, हे मला पहिल्याच ओळीत कळले. तरीही मी हात थांबवून सर्वांदेखत म्हणालो, "तात्या, तुमची पेटी बेसूर झालीय."

मी संगीत शिकलेला. लोकांनी माझे खरे मानले. तात्यांनी एक स्वर दाबून पाहिला, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पेटीचा भाता बंद केला. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "वय झालं. कान गेले बिचाऱ्यांचे." ते मी ऐकले आणि गप्प राहिलो. त्यानंतर तात्या भजनाला आले नाहीत. पुढे ते मुलाकडे कांजूरमार्गला राहायला गेले, आणि मला सुटल्यासारखे वाटले.

पन्नाशी ओलांडल्यावर एके दिवशी कपाटाची काच माझ्या उजव्या हातावर फुटली. बोटे वाकवणाऱ्या कंडरा तुटल्या. अंधेरीच्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. काखेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर केला होता. मी जागा होतो, पण कुठल्यातरी कोमट, पांढुरक्या धुक्यात तरंगत होतो. मधे हिरवा पडदा होता. त्या धुक्यात मला स्पष्ट जाणवत होते की माझा हात वर उचललेला आहे आणि त्याची बोटे एकच तार पुन्हा पुन्हा छेडत आहेत. ती तार कशाशीच जुळत नव्हती.

"माझा हात असा वर का धरलाय?" मी विचारले.

"अहो काका, हात टेबलावर बांधून ठेवलाय," परिचारिका हसून म्हणाली. "उडून कुठे जातोय तो!"

औषधाचा परिणाम असेल. मी वाद घालीत नाही. पण ती न जुळणारी तार इस्पितळातून माझ्याबरोबर घरी आली.

बरे होण्याचे दिवस लांबत गेले. वितळवलेल्या मेणात हात बुडवायचा, मग एकेक बोट हळूहळू वाकवायचे. बोटे कोणा दुसऱ्याची असावीत तशी वाटत. गिटार कोपऱ्यात उभी असे आणि मी तिच्याकडे पाठ करून बसे. दर गुरुवारी मंदिरात जाऊन मी जवळजवळ सौदा करीत असे: बोटे परत दे, मग जन्मभर तुझ्याच पुढ्यात वाजवीन. तीर्थ मात्र घेता येत नसे. उजवा हात पट्ट्यांत होता, आणि तीर्थाला डावा हात पुढे करण्याची माझी छाती होत नव्हती. म्हणून तीर्थाच्या वेळी मी खांबाआड सरकत असे.

अशाच एका गुरुवारी सायंकाळी, धूप दाटलेला असताना, शेजारी कोणीतरी म्हणाले, "मागे काय लपताय? पुढे या."

"हात असा आहे," मी म्हणालो.

त्या गृहस्थाने स्वतःचा उजवा तळहात पुजाऱ्यापुढे धरला, तीर्थ घेतले आणि तो माझ्या ओठांशी आणला. "घ्या."

"अहो, तुमचा हात उष्टा होईल."

"तीर्थाला कसलं आलंय उष्टं? लवकर प्या हो, बोटांतून गळतंय!"

मी वाकलो आणि एका परक्या माणसाच्या तळहातावरून तीर्थ प्यालो. तुळशीची चव होती. माझे डोळे कधी भरून आले, ते कळले नाही. मान वर केली तेव्हा धुपात माणसे पुसट झाली होती, आणि ती व्यक्ती त्यांत कुठेच नव्हती. नंतरही कधी दिसली नाही.

इतकी वर्षे मी देवापुढे काहीतरी दाखवीत उभा होतो: माझी बोटे, माझी कला, माझे शहाणपण. त्या सायंकाळी दाखवण्यासारखे काहीच उरले नव्हते, आणि तरीही मला मिळाले. त्यानंतर बोटे मागणे आपोआप थांबले. मागितले ते धैर्य.

कांजूरमार्गला तात्यांनीच दार उघडले. "या गिटारवाले! हाताला काय झालं? मांजर चावली की बायको?" ते खूप थकले होते. मी गुरुवारी भजनाला येण्याची विनंती केली. ते हसले, पण नजर खाली गेली. "मी येऊन काय करू? कान गेले माझे, तुमच्याच तर ध्यानात आलं. तेव्हापासून नातू गायला लागला तरी मी बरं-वाईट बोलत नाही. भरवसाच नाही राहिला."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर सोसणे सोपे गेले असते. त्याच क्षणी सांगावे असे वाटले. पण आरोप चारचौघांत केला होता, तो दाराआड कसा मागे घ्यायचा? मी इतकेच म्हणालो, "तात्या, नुसते बसायला या."

ते आले. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले. माझी दोन बोटे आता वाकतात, तिसरे अर्धवटच. पुन्हा वाजवता येईल की नाही, हे देवालाच ठाऊक. ज्याने परका तळहात माझ्या ओठांशी आणला, त्याच्यावर मी ते सोपवले आहे. आरतीपूर्वी मी उभा राहिलो. सारे माझ्याकडे पाहू लागले, आणि मी मोठ्याने म्हणालो, "तात्या, त्या दत्तजयंतीला तुमची पेटी सुरात होती. चुकीची जुळलेली गिटार माझी होती, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. तुमचे कान कधीच गेले नव्हते. मी खोटं बोललो. मला क्षमा करा."