अर्धं जावळ

फोन वाजला तेव्हा न्हाव्याचा वस्तरा माझ्या बाळाच्या डोक्यावर होता. उजवी बाजू साफ झाली होती, डावीकडं केस तसेच, आणि माझ्या दादाच्या मांडीवर तो असा काय बोंबलत होता की फोन कुणाचा वाजतोय तेच कळेना. भाभीचा होता, माझ्या शेजारणीचा. तिचे दोन्ही हात गुंतलेले, ओढणी पसरून ती केस झेलत होती. मीच तिच्या पिशवीतनं फोन काढला आणि तिच्या कानाला लावला. पलीकडं तिची सासू, सिंधीत, भराभरा. मला सिंधी येत नाही, पण त्यात एक शब्द पोलीस होता.

भाभी उठली. उठताना पण ओढणी सोडली नाही, केस आत ठेवूनच गाठ मारली.

"अदी, वो घर पे आया है," मला म्हणाली. अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. "बोलता है पासपोर्ट भी दिखाओ, औरत भी दिखाओ. अम्मा ने बोला बाज़ार गई है. वो बोला चार बजे फिर आता हूँ."

पावणेतीन वाजले होते. आणि आम्ही होतो माझ्या माहेरी, बदलापूरच्याही पुढं, बारवीच्या रस्त्याला आमचा पाडा आहे तिथं. भाभीच्या व्हिजावर गाव लिहिलंय फक्त उल्हासनगर.

आधी भाभी कोण ते सांगते, नाहीतर काय कळणार नाही. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही, का ते पुढं समजेल.

आम्ही उल्हासनगरात कॅम्प पाचला राहतो. माझ्या खोलीला लागून त्यांची खोली, मधे एकच भिंत, माझ्या कुकरच्या शिट्ट्या पण ती मोजते. ते लोक पाकिस्तानातले, सिंधमधले. तिचा नवरा काही वर्षं आधी आला, त्याला लांबचा, म्हणजे लांब मुदतीचा व्हिजा मिळालाय. ही मुलीला घेऊन आठ महिन्यांपूर्वी आली ती छोट्या व्हिजावर. आता तिनं पण लांबच्या व्हिजाचा अर्ज टाकलाय. तो पास झाला तर राहील, नाही झाला तर मुलीला घेऊन परत जायचं, नवरा इकडंच. पोलिसाची चौकशी असते ती त्या अर्जाचीच.

आमची दोस्ती धाग्यांमुळं झाली. कारखान्यातनं जीन्सचे गठ्ठे येतात, शिलाईचे उरलेले धागे कापून द्यायचे, आमच्या गल्लीत घरोघर हेच काम. दुपारी दारात बसून दोघी कात्री चालवायचो आणि मी तिला प्रश्न विचारायचे. मला आधीपासनंच चौकश्या लई. शाळा नववीत सुटली, पण ती सवय नाही सुटली. व्हिजा म्हणजे विमानात चढताना दाखवायचा कागद, एवढंच मला माहीत होतं. जमिनीवर राहायला पण तो लागतो, आणि त्याच्यावर गावाचं नाव असतं, तेवढ्याच गावात राहायचं, हे ऐकून मी कात्रीच खाली ठेवली.

"मग कंटाळा आला, चला मामीकडं, असं नाही चालत?"

"मामी को इधर आना पड़ेगा," ती म्हणाली आणि हसली.

तिकडं ती शाळेत शिकवायची. इथं धागे कापते. फोनचं सिम दिराच्या नावावर. मुलीला शाळेत घालायला गेली तर आधार कार्ड मागितलं, ते नाही. दर अर्जाला इतके फोटो द्यावे लागतात की आमच्या कोपऱ्यावरचा फोटोवाला तिला बघितलं की पडदा ओढतो आणि म्हणतो, "भाभी, अब तो आप बिना बोले सीधा बैठती हो." आणि माझं बाळ जन्मल्यावर बारा दिवस मला ताप होता तेव्हा हीच माझ्याजवळ बसली. सासू गावाला, नवरा अंबरनाथच्या कंपनीत शिफ्टला. बाळाची पहिली अंघोळ हिच्या हातची.

म्हणूनच जावळाला मी तिला ओढलं. आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर काढतात आणि केस खाली पडू देत नाहीत, आत्या ते पदरात झेलते. माझ्या नवऱ्याला बहीण नाही. आई म्हणाली, शेजारची कुणी धर. मला दुसरं कोण सुचणार?

ती नाही म्हणाली होती. हे मी लपवणार नाही. "परमिशन लेनी पड़ती है," असं दोनदा म्हणाली. मीच म्हटलं, "अगं बाई, बदलापूर म्हणजे काय परदेश आहे का? सकाळी जायचं, संध्याकाळी धागे कापायला हजर." आमच्यासाठी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर वेगळं आहेच कुठं? दळण एकीकडं, दवाखाना दुसरीकडं, माहेर तिसरीकडं. आणि तिला डोंगर बघायचा होता. आमच्या पाड्यावर उतरल्यावर ती भाताच्या खाचरांकडं बघत उभीच राहिली. कुणाचं शेत, पाणी कुठनं येतं, तो डोंगर कुणाच्या मालकीचा. त्या दिवशी प्रश्न विचारायची पाळी तिची होती. मुलीला सासूजवळ ठेवून आलेली, आठ महिन्यात पहिल्यांदा गावाबाहेर.

तर फोन आला. न्हावी म्हणाला, "अर्धं सोडू नये पोरी, पाच मिनिटं दे." पण बाळ मान हलवतंय, वस्तरा धारेचा, पाच मिनिटांची पंधरा होणार. आई म्हणाली, "ओटी भरल्याशिवाय कशी जाईल ती, पहिल्यांदा आलीये." मी ओरडले, "आये, तिचं घर जाईल!" तरी आईनं पळता पळता तिच्या पिशवीत नारळ कोंबलाच.

तिला एकटीला पाठवायचं माझ्या मनात नाही आलं असं नाही. पण रस्ता माहीत नाही, कुणी अडवलं तर दाखवायला एक हिरवा पासपोर्ट, आणि आणलेली मी. बाळाला टोपी घातली आणि निघाले.

दादानं ओळखीची रिक्षा दिली, बदलापूरपर्यंत. तिथनं दुसरी, अंबरनाथ पूर्वेला सिग्नलला अडकलो, तिथं तिसरी. प्रत्येक खाकी शर्ट पोलीसच वाटत होता, एक तर बसचा कंडक्टर निघाला. भाभी मला चिकटून बसलेली. मांडीवर नारळ, मुठीत ओढणीची गाठ. आणि मला बघा, अशा वेळी पण एकच गोष्ट डोक्यात. मी बाहेर बघत होते की अंबरनाथ संपतं कुठं. इतकी वर्षं या रस्त्यानं जाते, कधी बघितलंच नाही. दुकानाला लागून दुकान, बिल्डिंगला लागून बिल्डिंग, कुठं रेघ नाही, काय नाही.

मी विचारलं, "भाभी, आलं का उल्हासनगर?"

"अभी नहीं."

मग थोड्या वेळानं तिनं एकदम बोट दाखवलं. "वो पंचर वाला. उसके बाद मेरा है."

पंक्चरवाल्याचं दुकान मागं गेलं आणि तिनं श्वास सोडला, मला ऐकू आला.

"तुला कसं माहीत?"

"रोज़ शाम को बच्ची को घुमाती हूँ. यहाँ तक आती हूँ, फिर वापस."

गल्लीत शिरलो तेव्हा चार वाजून गेले होते. पोलीस तिच्या दारासमोर खुर्ची टाकून बसलेला, अम्मानं दिलेला चहा हातात. माझ्या बाबांच्या वयाचा, मराठी माणूस. मांडीवर फाईल.

"कहाँ गई थी?"

"बाज़ार, साहब."

"सिर्फ नारियल लाई?"

भाभीनं पासपोर्ट आणून दिला. तो पानं उलटत होता आणि मी गुपचूप माझ्या दाराकडं सरकत होते. तेवढ्यात माझ्या राजानं टोपी ओढून फेकली.

पोलिसानं बघितलं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

"हे काय? न्हावी मधेच जेवायला गेला का?"

"रडायला लागला साहेब, म्हणून..."

"जावळ ना? मग मामा कुठाय?"

मी वाकून टोपी उचलली. सिंधी असता, बिहारी असता, तर काहीतरी थाप चालली असती. हा आमच्यातलाच.

"माहेर कुठलं, ताई?"

"बारवीकडं."

"हं." त्यानं चहाचा घोट घेतला. "आणि केस? आत्यानं धरले असतील."

मी भाभीकडं बघितलं नाही. त्यानं बघितलं. तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ होती आणि गाठीतनं काळे मऊ केस डोकावत होते. अम्मा दारात हात जोडून उभी. बाळ आता मजेत, खुर्चीच्या पायाशी खेळायला बघतंय.

त्यानं फाईलमधनं एक कोरा कागद काढला आणि माझ्यापुढं धरला.

"शेजाऱ्याचा जबाब लागतो. तुमचं नाव, पत्ता, आधार नंबर. आणि लिहायचं की ही बाई इथं आल्यापासनं शहर सोडून गेलेली नाही."

"मी लिहू?"

"लिहा असं मी म्हणत नाही. खरं असेल तर लिहा. नसेल तर तसं लिहा. कोराच दिलात तर मी शेजारी बोलायला तयार नाहीत अशी नोंद करीन, मग वरचे साहेब ठरवतील."

"आणि नंतर खोटं निघालं तर?"

"सही तुमची असेल ना, ताई."

त्याला सगळं कळलं होतं. मला आजपण समजत नाही की तो मला दरवाजा उघडून देत होता की स्वतःची मान काढून घेत होता. दोन्ही असेल.

माझ्या नवऱ्यानं मला आधीच बजावलेलं होतं. "बोल, खा, पी त्यांच्याकडं, पण त्यांच्या कागदावर आपलं नाव नको. पाकिस्तानचं मॅटर आहे, उद्या कंपनीत कुणी विचारलं तर?" बाळ कडेवर, आधार कार्ड आत डब्यात. भाभी माझ्याकडं बघत नव्हती. तिनं एकदाही म्हटलं नाही की लिही. एकदाही म्हटलं नाही की तूच नेलं होतंस. म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी आत जाऊन आधार कार्ड आणलं. पायरीवर बसून लिहिलं, माझं अक्षर वाईट, तीन ओळींना खूप वेळ लागला. गेलेली नाही, असं लिहिलं. सही केली. पोलिसानं वाचलं, घडी घातली आणि जाता जाता बाळाच्या उरलेल्या केसांवरनं हात फिरवून म्हणाला, "हे पूर्ण करून घ्या. मामालाच इकडं बोलवा."

रविवारी दादा आला. उरलेलं जावळ आमच्या गल्लीतच निघालं, भाभीनं परत ओढणी धरली, अम्मानं सगळ्यांना गोड भात दिला. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

काल निरोप आलाय. वरच्या ऑफिसात अर्ज पोचलाय आणि त्यांना शेजारणीला समोर बसवून विचारायचंय. सोमवारी. तोंडी. कागदावर खोटं लिहिताना निदान कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही. खरं सांगितलं तर ती परत जाईल, आणि तिला त्या पंक्चरवाल्याच्या पुढं नेणारी मीच. तेच खोटं परत बोलले आणि त्यांनी बारवीला कुणाला विचारलं, तर या पोराला घेऊन मी कुठं जाऊ? भिंतीपलीकडं आत्ता ती मुलीला बाराखडी शिकवतेय, मराठी, माझ्याच जुन्या पुस्तकातनं. मला ऐकू येतंय.

तुम्ही माझ्या जागी असता, तर सोमवारी काय सांगितलं असतं?