थर्मासवाल्याचे चार भाग

पोपट मेस्त्रीनं ती व्हिडिओ कॅसेट ओळखली ती कडेच्या पिवळ्या चिकटपट्टीवरून. लेबल केव्हाच झडलं होतं. पट्टी मात्र पस्तीस वर्षांत जागची हलली नव्हती. आपल्या हातचं काम इतकं टिकलं म्हणून वाईट वाटलेला शिरूरातला तो पहिलाच मेस्त्री असावा.

“काका, आज्जीची कॅसेट हाय,” सायली म्हणाली. “पेन ड्राइव्हवर घ्यायचीय. सगळ्या तालुक्यात तुमच्याकडंच मशीन चालू हाय म्हणं.”

नातीच्या मागून कस्तुराबाई दुकानाची पायरी चढत होत्या. न्हावऱ्याच्या हौसरावांच्या मंडळी. हौसराव जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. एसटीच्या धक्क्यांनी बाई दमल्या होत्या, पण काउंटरला धरून उभ्याच राहिल्या.

“पोपट, ह्यांचा आवाज हाय त्यात,” त्या म्हणाल्या. “आमच्या लेकीच्या, नीलमच्या लग्नात मंगलाष्टकं ह्यांनीच म्हटली, माईकवर. घरात फोटू रग्गड हायेत. पर फोटू बोलत न्हाई रं.”

या कॅसेटच्या सुरुवातीला लग्न नव्हतंच. एक हिंदी गुप्तहेर होता.

ती भानगड अशी. लग्नाची कॅसेट तयार झाली की शूटिंगवाला तिच्या कडेचं प्लास्टिकचं टवकं मोडून टाकी, म्हणजे तिच्यावर पुन्हा कुणाला काही भरता येऊ नये. ते भोक चिकटपट्टीनं बुजवलं की कॅसेट परत मोकळी. नीलमच्या लग्नानंतर टेप गुंतली म्हणून हौसरावांनी कॅसेट पोपटकडं आणून दिली, त्याच महिन्यात पोपटची बायको ताईबाई पहिल्या बाळंतपणाला दौंडला माहेरी गेली होती. दर बुधवारी दूरदर्शनवर एक गुप्तहेर यायचा, थर्मासच्या झाकणातून चहा पीत पीत खुनी पकडायचा. त्या थर्मासवाल्यावर ताईबाईचा भारी जीव. माहेरी टीव्ही नव्हता. “एकबी भाग चुकवला तर माझ्याशी बोलू नगा,” असं सांगून ती गेली होती.

कोरी कॅसेट शिरूरात मिळेना. समोर दुरुस्त झालेलं लग्न पडलेलं. लग्नाच्या दोन कॅसेटी निघतात, एक मुलीकडं, एक मुलाकडं; ही गेली तरी व्याह्यांची आहेच, असा हिशेब पोपटनं केला आणि पिवळी पट्टी लावली. चार बुधवार, चार भाग. ताईबाई तान्ह्या दीक्षाला मांडीवर घेऊन हरखून बघत बसली. नंतर हौसराव कॅसेट न्यायला आले तेव्हा पोपटनं ती कागदात गुंडाळून दिली आणि वर मान करून पाहिलंही नाही. दिवाळीत हौसराव गेले. व्याह्यांची कॅसेट पाव्हण्यारावळ्यांत फिरून हरवल्याचं पोपटला त्यानंतर कळलं.

आणि हौसराव म्हणजे कोण? पोपट आयटीआय करून आला तेव्हा न्हावऱ्यात त्याच्याकडं काम द्यायला लोक बिचकत. बौद्धवाड्यातलं पोरगं घरात घ्यायचं कसं, हा प्रश्न. हौसरावांनी पहिला रेडिओ त्याच्या हातात दिला, सोप्यावर शेजारी बसवून स्वतःच्याच कपातला चहा दिला. त्यानंतर गावानं दारं उघडली. पोपट मेस्त्रीकडं वस्तू टाकली की निर्धास्त, असं नाव झालं. त्या नावावर दुकान उभं राहिलं. आणि न्हावऱ्याचं गिऱ्हाईक पायरी चढलं की पोपट उगाच काहीतरी उघडून त्यात डोकं घालायचा, ते आजतागायत.

“बुरशी लई हाय,” तो कॅसेट उघडत म्हणाला. “एक डाव चालंल, दुसऱ्या डावाची खात्री न्हाई.”

स्पिरिट लावलेल्या कापडानं तो टेप पुसू लागला. टेप कुजलेल्या सुतासारखी झाली होती. बोटाला नुसता हिसका दिला असता तर तुकडे पडले असते. तुटली काकी, जुनी होती, एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं, आणि कुणी त्याला बोलही लावला नसता. त्यानं टेप दोन बोटांत धरली. कस्तुराबाई त्याच्या बोटांकडं एकटक पाहत होत्या, डॉक्टर लेकराला सुई टोचताना आई पाहते तशा. पण टेप तीन तासांची होती. चार भाग धरले तर पावणेदोन तास. पुढं काय उरलंय ते बघायची छाती पोपटला कधी झाली नव्हती. आवाज पुढं असला तर? त्यानं बोटं ढिली केली.

पेन ड्राइव्ह जोडून त्यानं मशीन सुरू केलं. पडद्यावर रेघा आल्या, मग बाजाची धून, आणि थर्मास काखेत मारलेला गुप्तहेर रेल्वेच्या फलाटावरून चालत आला.

“हे काय?” कस्तुराबाई म्हणाल्या.

“आज्जी, शूटिंगवाल्यानं घोळ घातला गं,” सायली म्हणाली.

“त्या संपतचा मुडदा बशिवला! माझ्या लेकीचं लगीन पुसून नाटकं भरली व्हय त्यानं?”

संपत शूटिंगवाल्याला मरून दहा वर्षं झाली होती. तो काही उत्तर द्यायला येणार नव्हता. पोपटनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि तो बसलाही. स्वतःची किळस वाटली, तरी बसला.

दुकानाच्या मागंच घर. धून तिथवर गेली आणि चहाचा ट्रे घेऊन ताईबाई लगबगीनं बाहेर आली.

“अगं बया! थर्मासवाला!” ट्रे तिच्या हातातच राहिला. “अहो, ही तर आपली कॅसेट! काकी, दीक्षाच्या टायमाला मी दौंडला व्हते ना, तवा ह्यांनी चार भाग भरून ठिवले व्हते माझ्यासाठी. कवाधरनं शोधत्ये मी. कुठं घावली?”

पडद्यावर गुप्तहेर एका शेठजीला विचारत होता, “उस दिन आप कहाँ थे?”

ताईबाईनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि ट्रे हळूच खाली ठेवला.

“पोपट,” कस्तुराबाई म्हणाल्या. “तू?”

“व्हय काकी. मला वाटलं, दुसरी व्याह्यांकडं हाय.”

“ती हरवली.”

“ते मला मागनं कळलं. आबा गेल्यावर.”

“आन् पस्तीस वर्सं गप बसलास. आत्ता संपतला शिव्या दिल्या मी, तरी गप बसलास.”

सायली ताडकन उठली. “चल आज्जी. दुसरीकडं बघू.”

“बस खाली,” कस्तुराबाई तिला म्हणाल्या. “म्होरं काय उरलंय ते बघितल्याबिगर मी हलत न्हाई. पोपट, पळीव पुढं.”

“पळवली तर तुटंल, काकी. आहे तशीच चालू द्यावी लागंल.”

मग चौघं ते चार भाग बघत बसले. ज्या मालिकेसाठी ताईबाई एके काळी जेवण विसरायची, ती आज तिला बघवेना. दर भागाला थर्मासवाला कुणालातरी कोपऱ्यात गाठायचा आणि दर वेळी पोपटची नजर खाली जायची. मधेच मशीन चिरकायचं, चित्र वाकडं व्हायचं, तो धावत जाऊन झाकण दाबून धरायचा. एकदा टेप अडकलीच. त्यानं पिनेनं ती सोडवली तेव्हा ताईबाईनं उठून बॅटरी धरली. चहावर साय धरली.

चौथा भाग संपला. पडद्यावर मुंग्या आल्या. कस्तुराबाई पुढं सरकल्या.

मुंग्या गेल्या आणि एकदम बँड कडाडला. मांडव. पंगती. मंगलाष्टकं केव्हाच होऊन गेली होती, लोक बुंदी खात होते. पोपटनं डोळे मिटले. गेला आवाज, आपणच पुसला.

“ते बघ, ते बघ!” सायली ओरडली. पंगतीतून बुंदीची बादली घेऊन फेटेवाले हौसराव येत होते. कस्तुराबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. हौसराव वाढत होते, आग्रह करत होते, ओठ हलत होते; पण बँडापुढं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

“थांबीव,” कस्तुराबाई म्हणाल्या.

पोपटनं पॉज दाबला. हौसराव बादलीसकट थरथरत थांबले.

“दिवाळीत हातरुणावर पडल्या पडल्या म्हणत व्हते, भाड्यानं मशीन आणू, एकदा लगीन बघू. ऱ्हाऊन गेलं. मला नगं काय सांगू तू. ह्यांना सांग.”

अशी जुनी टेप फार वेळ थांबवून धरायची नसते, हे मेस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. तो पडद्यासमोर उभा राहिला, हात जोडले. “आबा,” तो म्हणाला, “तुमच्या नीलमचं लगीन मी पुसलं. माझ्या बायकोच्या हौसेपायी. तुम्ही न्यायला आलात तवा सांगायचं व्हतं. तोंड झालं न्हाई. तुम्ही मला तुमच्या कपातला चहा दिला आन् मी...”

मशीननं आपसूक टेप सोडली. बँडाचं गाणं नेमकं संपलं होतं. हौसरावांनी वर पाहिलं, थेट शूटिंगवाल्याकडं, आणि बादली पुढं करून खणखणीत आवाजात म्हणाले, “आरं, ऱ्हाऊ दे ते आता. आधी जेवून घे बरं.”

पोपटचे हात जोडलेलेच राहिले. कस्तुराबाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्यांची नजर पडद्यावर होती.

“पेन ड्राइव्हवर आलं का ते?” त्यांनी विचारलं.

“आलं.”

“मग तेवढंच परत लाव.”