माऊसची खंडेनवमी

निजामपुऱ्याच्या वळणावर कोणीतरी बांधकामासाठी आणलेली वाळू रस्त्यावर पसरली होती. तिच्यावरून माझी स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, आणि खरी कटकट तेव्हा सुरू झाली. बोटं मिटेनात. पंजा आपला कायम उघडा, येणाऱ्याजाणाऱ्याला आशीर्वाद देत असल्यासारखा. पोळीचा तुकडा डाव्या हाताने मोडायचा, वेणी सासूबाईंकडून घालून घ्यायची. आणि खडू धरला की दोन आकड्यांत खाली.

खडूचं दुःख सगळ्यांत मोठं. मी कारेलीबागेतल्या एका क्लासमध्ये दहावीला गणित शिकवते. क्लासचे मालक सज्जन गुजराती गृहस्थ, हात बघायला घरी आले, बिस्किटं घेऊन आले, आणि जाताना चपला घालता घालता म्हणाले, "बेन, दिवाळी पछी तमे बेसीने भणावो ने. स्क्रीन पर बधुं तैयार आवे छे." म्हणजे फळ्याच्या जागी पडदा, त्यावर तयार गणितं, ती पुढे सरकवायला एक तरुण शिक्षक, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीत शंका सोडवायला. मी म्हटलं, "दिवाळीनंतर हात चालला तर?" ते म्हणाले, "तो बोर्ड तमारुं." बोलणं तिथेच ठरलं.

मला तयार गणित बघवत नाही. हात ज्या गतीने लिहितो त्याच गतीने मुलांचं डोकं चालतं, असं माझं मत आहे आणि ते मी कुठल्याही पडद्यासाठी बदलणार नव्हते. दिवाळीला अवकाश होता. फळा सोडायचा नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी स्पंजचा एक चेंडू दिला. "बेन, आंगळी वाळो. हजी वाळो." मी वाळत होते, म्हणजे वाकवत होते, आणि कंटाळून मरत होते. सकाळ-संध्याकाळ एक चेंडू दाबत बसणं हे माणसाचं काम नव्हे. एकदा तो मी रागाने पलंगाखाली भिरकावला आणि पुन्हा काढलाच नाही. बाईंना खरं ते सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "तो पछी जे गमे ते करो, पण आंगळी चालवी जोईए."

आता मला आवडेल असं बोटांचं काम कोणतं? शिवण नाही, विणकाम नाही, ही दोन्ही मला आधीपासून जमत नाहीत. पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला फोनवर हे गाऱ्हाणं सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, माझा जुना लॅपटॉप आहे ना घरी? त्यात एक गेम आहे. राक्षस, जादू, तलवारी. माऊसने खेळायचा, सगळी बोटं लागतात." मग म्हणाली, "पण जाऊ दे, तुला नाही जमणार." कार्टीला आपली आई बरोबर माहीत आहे.

लॅपटॉप इतका जुना की त्याची बॅटरी केव्हाच गेलेली. वायर भिंतीत खोचली तरच चालायचा. लेकीने फोनवरून शिकवलं आणि मी माझी बाई तयार केली. होय, या खेळात आधी आपण आपलं माणूस घडवायचं असतं. नाक, हनुवटी, केस, सगळं आपल्या पसंतीने. मी तिला माझ्या वयाची केली, केसांत पांढरं घातलं आणि तिरंदाज केलं. कारण लेकीने सांगितलं की धनुष्याला बोटं जास्त लागतात. तर्जनीने बटण दाबून धरलं की प्रत्यंचा ताणली जाते, सोडलं की बाण सुटतो. मधल्या बोटाने चाक फिरवून बाण बदलायचा. अंगठ्याने बाजूचं बटण दाबलं की उडी मारून वार चुकवता येतो.

पहिल्या बाणाला माझं बोट प्रत्यंचा पुरती ताणायच्या आतच निसटलं. बाण पुढ्यातल्या कोंबडीला लागला आणि अख्खं गाव माझ्यावर धावून आलं.

या खेळातली काय गोष्ट चांगली आहे ते आधी सांगते, कारण दोषांवर आले की मी थांबणार नाही. यात कोणी घाई करत नाही. डोंगर दिसला तर चढा, तळं दिसलं तर काठावर बसा. मी खूप वेळा नुसती बसले. पहाटेचं धुकं पाण्यावरून उठताना असं दाखवलंय की सासूबाईसुद्धा जपमाळ थांबवून म्हणाल्या, "हे कुठलं गं? जायला हवं एकदा." आणि दुसरी गोष्ट याहून मोठी. यात गुण विकत मिळत नाहीत. धनुष्य चालवलं की धनुष्याचा हात सुधारतो, चढलं की दम वाढतो. जे वापराल तेवढंच वाढतं. हे ज्याने रचलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आता दोष. बायकांची चिलखतं! चहूकडे बर्फ, पुरुष सैनिक कानापर्यंत लोकरीत गुंडाळलेले आणि माझ्या बाईचं पोट उघडं. ज्याने काढलं त्याला एकदा तसं उभं करायला हवं होतं. गावातली माणसं एकेकच वाक्य बोलतात, कितीदा भेटा, तेच. डोक्यावर आग ओकणारा प्राणी घिरट्या घालतोय आणि खालची आजीबाई मला सांगते की तिची अंगठी विहिरीपाशी हरवली आहे, तेवढी शोधून दे. घोडा एकदा छपरावर चढला तो उतरेचना. पाठीवरच्या पिशवीला वजनाची मर्यादा, आणि मला तर सापडलेलं भांडं टाकवत नाही. पातेली, पळ्या, एक बरा तांब्या, सगळं घेऊन फिरायची मी, आणि मग "तुम्ही धावू शकत नाही" अशी पाटी यायची. लेक म्हणाली, "आई, वीर योद्धे पळ्या जमवत नाहीत." मी म्हटलं, त्यांना घर चालवायचं नसतं.

पण सगळ्यांत वाईट खोड वेगळीच होती. हा खेळ कुठेही जपून ठेवता येत नाही. सरायीतल्या शेकोटीपाशी बसलं तरच आपली वाटचाल नोंदली जाते. आणि नदीपलीकडच्या बर्फाळ मुलखात सरायच नाही. मग थांबायचं तर लॅपटॉप चालूच ठेवायचा आणि खेळ गोठवून उठायचं.

त्या नदीवर एक पूल होता आणि पुलावर एक राक्षस. झाडाएवढा, हातात ओंडका. त्याच्या कपाळावर बाण मारायचा, आणि त्यासाठी प्रत्यंचा पूर्ण ताणून क्षणभर स्थिर धरायची. माझं बोट थरथरायचं. ताणेपर्यंत ओंडका येऊन माझ्या बाईला पाण्यात लोळवायचा. गणपती संपले, पितृपक्ष संपला, मी पुलाच्या अलीकडेच. सासूबाई शेजारच्या खोलीतून विचारायच्या, "मेला का गं?" मी म्हणायचे, "मीच मेले." मनगटातून कळ निघायची, मी गरम पाण्यात हात बुडवून यायचे आणि पुन्हा बसायचे. त्या ओंडक्यावर माझा जीवच जडला होता म्हणा ना. शेवटी नवरात्र बसल्यावर एका सकाळी तो पडला. मी पलीकडे गेले, बर्फ तुडवत खूप लांबवर पोचले, पिशवी बाणांनी भरली, धनुष्याचा हात वाढला. अष्टमीला तिथेच खेळ गोठवून मी उठले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या सासरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत. आता तलवार धरणारं कोणी नाही. नवरा सावली गावातल्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. पण पूजा चुकत नाही. पाटावर नवऱ्याच्या पणजोबांची तलवार, तिच्याशेजारी नवऱ्याचा पाना, सासूबाईंचा अडकित्ता, कात्री, स्कूटरची किल्ली. माझी दरवर्षी खडूची पेटी असते. ज्याचं जे हत्यार ते मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि मग दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तो दिवस हत्याराच्या विसाव्याचा. अडकित्ता पाटावर म्हणून सासूबाई त्या दिवशी सुपारीही खात नाहीत, आणि सुपारीवाचून त्यांचा स्वभाव काय होतो ते मी जाणते.

त्यांनी पाट मांडला आणि मला विचारलं, "तुझं काय ठेवू? खडू तर तू धरत नाहीस."

त्या काही टोचून बोलल्या नव्हत्या. होतं तेच बोलल्या होत्या. पण मला ते असं लागलं की मी उठले, लॅपटॉपचा माऊस वायरीसकट ओढून काढला आणि पाटावर ठेवला. "हा ठेवा. सध्या माझं हत्यार हेच."

सासूबाईंनी चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. तलवारीच्या शेजारी. मला फार बरं वाटलं.

दुपारी वीज गेली. सोसायटीच्या खांबावर दुरुस्ती निघाली होती. वॉचमन खालून ओरडला, "लाइट बे कलाक पछी आवशे!" म्हणजे दोन तासांची निश्चिंती. मी पंखा बंद झाला म्हणून पदराने वारा घेतला, आणि मग एकदम लॅपटॉपकडे धावले. पडदा काळा. बॅटरी नाही, शेकोटी नाही, काही नाही. पूल, राक्षस, बर्फ, बाण, सगळं गेलं. माऊस पाटावर फुलाखाली निवांत पडला होता.

मी चिडले ते चिडलेच. खेळावर, वीज मंडळावर, पूर्वजांवरही. लेकीला फोन केला तर ती इतकी हसली की तिला बोलता येईना. "आई, माऊसची पूजा करून गेम घालवणारी जगात तू एकटीच असशील." मी फोन ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "आता काय करणार?" मी म्हटलं, "उद्या हत्यार मोकळं झालं की पहिल्यापासून." त्यांनी मान हलवली, "मग ठीक आहे," आणि सुपारी नाही म्हणून नुसतीच बडीशेप तोंडात टाकली.

दसऱ्याची पूजा सकाळीच उरकली. चाकाच्या फटीत कुंकू गेलं होतं, ते मी काडीने काढलं आणि बसले. खेळाने मला पुलाच्या कितीतरी अलीकडे, जुन्या सरायीत नेऊन सोडलं. माझी बाई पुन्हा दुबळी, धनुष्य कच्चं, भात्यात थोडेसेच बाण. दात-ओठ खात मी पुलापाशी आले. राक्षसाने ओंडका उचलला. मी अंगठ्याने उडी घेतली, प्रत्यंचा ताणली, धरली आणि सोडली. पुन्हा उडी, पुन्हा बाण. काही वेळाने तो गुडघ्यावर आला आणि नदीत पडला.

स्वयंपाकघरात अजून श्रीखंडाच्या वाट्याही भरल्या नव्हत्या.

मला वाटलं, खेळात काही बिघाड झाला. पुन्हा लेकीला फोन. "वीज गेली की हा राक्षस सोपा होतो का गं?"

"नाही, आई. राक्षस तोच असतो. उलट तुझी बाई आता आधीपेक्षा कच्ची आहे. तिला तर जास्त अवघड जायला हवं होतं." मग हळूच म्हणाली, "आई, हात बघ तुझा."

मी माऊस सोडला आणि मूठ मिटून पाहिली. तर्जनी तळव्याला टेकली, मधलं बोट टेकलं, त्याच्या शेजारचंही टेकलं. करंगळी किंचित वर राहिली. वीज जाऊन त्या बाईचं सगळं पुसलं गेलं होतं, माझं काहीच गेलं नव्हतं. मला रडू आलं. लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन दूर धरला, तर सासूबाई दारात उभ्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मेला का?" मी मानेनेच हो म्हटलं.

खेळ मी पुरा केला नाही. पुढे म्हणे मोठा अजगर आहे, असू दे. मधल्या दिवसांत मी स्वयंपाकघराच्या काळ्या फरशीवर खडूने लिहीत राहिले आणि पुसत राहिले.

दिवाळीनंतर क्लासला गेले तर मालकांनी पडदा टांगून ठेवला होता. मी तो गुंडाळून वर सारला. ते दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले. मी खडू घेतला आणि त्रिकोणाचा पाया काढायला लागले. अर्ध्यावर मनगटात कळ आली, पण खडू हातात राहिला. रेषा मात्र उजवीकडे उतरत गेली. पहिल्या बाकावरची मुलगी, माझी लाडकी आणि तोंडाची फटकळ, म्हणाली, "मॅडम, लीटी वांकी छे."

वर्ग हसला. मालकांनी घडी सोडली आणि ते पडद्याकडे बघायला लागले.

"हो, वाकडी आहे," मी म्हटलं. रेषा पुसली आणि पुन्हा काढायला घेतली.