उंदराने नांगरलेला वाफा

आईला मी फोनवर म्हणालो, "तू ये तर खरी, ऋषीपंचमीची भाजी घरच्या बागेतली खायला घालतो," तेव्हा माझ्या घरच्या बागेत एक कढीपत्ता आणि एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची एवढंच होतं.

आई वर्षानुवर्षं इकडे यायचं टाळत होती. कारणं बदलायची. कधी गुडघे, कधी विमान, कधी शेजारणीच्या मुलीचं लग्न. शेवटी एकच उरलं. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी पंचमी, आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाने पिकलेलं ती तोंडात घालत नाही. तिच्याकडे परसात अळू असतो, रताळी असतात. "तुमच्या वाळूत मला काय घालशील? खजूर?" असं तिने विचारलं आणि मी फुशारकी मारून बसलो. आणि ती चक्क "बरं, येते" म्हणाली.

दुबईच्या पुढे, उम्म अल कुवैनला आम्ही भाड्याने घेतलेलं घर जुनं, बैठं. मागे कुंपणाची भिंत, तिच्या आत हिरवळीचा एक तुकडा. हिरवळ उकरून मी वाफा केला, मातीची पोती ओतली, वर हिरवी जाळी ताणली, ओळखीच्या एका घरून अळूचे कंद आणि रताळ्याचे वेल आणले. चक्क सगळं जगलं. मी रोज फोटो काढून आईला पाठवायचो. ऑफिसात, जवळच्याच हमरियाला, दोन मीटिंगांच्या मध्ये माणसं पोरांचे फोटो दाखवतात, मी अळूचे दाखवायचो.

मग एका सकाळी वाफ्यात मातीचा ढीग दिसला. दुसऱ्या दिवशी दोन ढीग आणि एक कुरतडलेलं रताळं. तिसऱ्यांदा साक्षात स्वारीच दिसली. सोनेरी अंग, शेपटीला काळा झुपका, मागच्या पायांवर उभी राहून माझ्याकडे बघतेय, जणू भाडेकरू मी आहे.

"बाबा, इट्स अ डेझर्ट रॅट! सो क्यूट!" आमची कन्या म्हणाली.

"तुझ्या आजीची भाजी खातोय तो!"

"सो? शेअर करा ना."

औषध घालायची सोय नव्हती. खायच्या भाजीत विष कोण घालणार, आणि बायकोने बजावलं होतं, "गणपती तोंडावर आलेत. त्यांच्या वाहनाला मारलंस तर मोदक तुझे तू वळ." कीड-उंदीरवाल्याला फोन केला, तर तो रोज "इन्शाल्ला, कल" म्हणायचा. म्हणून मीच पिंजरा आणला आणि त्यात सुक्या बोंबलाचा तुकडा लावला. लहानपणापासून आमच्या चाळीत उंदीर बोंबलालाच फसायचे.

बोंबलाचा वास इथल्या गरम हवेत किती लांब जातो याचा मी विचार केला नव्हता. संध्याकाळी परत येतो तर आख्ख्या गल्लीतली मांजरं वाफ्यात सभा भरवून बसलेली. अळूची पानं लोळून लोळून सपाट. आणि पिंजऱ्यात शेजारच्या इजिप्शियन बाईंचं पांढरंशुभ्र, केसाळ मांजर, कसंबसं कोंबलेलं, माझ्याकडे बघून शिव्या देतंय. बाई भिंतीवरून ओरडल्या, "हबीबी, व्हाय?" मी पिंजरा उघडून मांजर भिंतीवरून परत केलं.

मग मी इंजिनिअर माणूस असल्यासारखा विचार केला. बिळात पाणी सोडायचं, हा पलीकडून बाहेर येईल, खलास. शुक्रवारी दुपारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस आटपून आलो, बिळात नळी खुपसली आणि नळ पूर्ण सोडला. ऑगस्ट महिना. टाकी गच्चीवर, नळी सकाळपासून उन्हात. इथे उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळाखाली हात धरला तर भाजतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी रोज त्यावरून कुरकुर करतो. पण डोक्यात फक्त उंदीर होता.

उंदीर बाहेर आला नाही. वाफा मात्र मधोमध खचला आणि त्यातून वाफ निघू लागली. खाली माती पोकळ होती, सगळं कढत पाणी मुळांशी साचलं. थोड्या वेळाने अळूने माना टाकल्या. फोडणी तेवढी द्यायची राहिली होती.

बायको दारात उभी राहून बघत होती. "बैलाच्या कष्टाचं नको म्हणून वाफा केला," ती म्हणाली, "आणि बैलच शिरला त्यात."

आई आली तेव्हा वाफ्यावर मी जाळी अंथरली होती. "ऊन लागतं गं, पंचमीलाच उघडू." ती पिंजरा बघून म्हणाली, "बोंबील कसले लावतोस? खोबरं लाव."

चतुर्थीला आरती ऐन रंगात आली असताना मागे खटकन आवाज झाला. मी टाळ टाकून धावलो. सापडला होता! पुढचे पाय जोडून खोबरं खात होता. आई मागोमाग आली. "आजच्या दिवशी वाहन कोंडून ठेवतोस? सोड त्याला."

"आई, याने तुझी सगळी भाजी..." आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. जाळी उचलून दाखवली. खड्डा, सुकलेले दांडे, एका कोपऱ्यात तीन अळूची पानं. "उद्या तुला खायला काही नाही," मी म्हणालो. "तू त्यासाठीच आलीस आणि मी..."

तिने वाफा नीट बघितला. मग मला विचारलं, "विमानतळावरून येताना वाटेत एक तरी बैल दिसला का रे तुला?"

"इथे कुठला बैल?"

"मग इथे पिकलेली कुठलीही भाजी चालते की. त्या तुमच्या मोठ्या दुकानात भेंडी आहे, भोपळा आहे, 'इथलीच' म्हणून पाटी होती. सुनेने परवाच दाखवली. नांगरच नाही तर बैल कुठून येणार? हे तुला वाफा खणायच्या आधी सुचलं नाही?"

सुनेने दाखवली. परवाच. मी बायकोकडे बघितलं, ती आरतीचं ताट घेऊन अगदी निर्विकार.

पंचमीला आईने भेंडी, भोपळा आणि ती तीन पानं घालून भाजी केली. दोनदा मागून घेतली, आणि पुढच्या वर्षीही गणपतीला येते म्हणाली. मी उंदराला भिंतीपलीकडे, लांब, पार मोकळ्या वाळूत सोडून आलो होतो. जेवण झाल्यावर हात धुवायला मागे गेलो तर आई वाफ्याशी वाकून ताज्या ढिगाऱ्याजवळ भोपळ्याची फोड ठेवत होती.

"आई!"

"अरे, एवढा वाफा नांगरलाय त्याने. आणि तू काय, पुढच्या वर्षी पुन्हा करशीलच की."